मेंदूचा आलेख : दुसऱ्याने काढला तरी तोच येईल?

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात दोघा तरुण आरोपींना जन्मठेप सुनावली. या निकालाची दखल परदेशी वर्तमानपत्रांनीही घेतली, ती एका वेगळ्याच कारणासाठी. इतर पुराव्यांबरोबरच न्यायालयाने मेंदूच्या विद्युत नोंदींवर आधारलेल्या एका चाचणीचा आधार घेतला होता. आरोपी गप्प बसलेली, तिच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावलेले. गुन्ह्याचे टप्पे ‘मी अमुक केले’, ‘मी अमुक ठिकाणी गेले’ अशा वाक्यांतून तिला ऐकवले जातात. यातले कोणते वाक्य ऐकताना तिच्या मेंदूत ‘स्वतः अनुभवल्याची’ आठवण जागी झाली, ते संगणक सांगतो. तोंडातून एक शब्द न काढता माणूस स्वतःविरुद्ध साक्ष देतो, असा या चाचणीचा दावा होता.

त्या खटल्यात दोषी कोण, हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे ती चाचणी. एका माणसाचे आयुष्य जिच्यावर तोलले गेले, ती चाचणी दुसऱ्या प्रयोगशाळेने, दुसऱ्या तज्ज्ञांनी, दुसऱ्या माणसांवर केली तर तेच उत्तर येते का? २००८ मध्ये या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. स्वतंत्र प्रयोगशाळांनी हा दावा पडताळून प्रसिद्ध केलेला नव्हता. त्याच वर्षी बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने अशा चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचे सांगून त्यांचा पुरावा म्हणून वापर करू नये, असा सल्ला दिला. पुढे ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या नोंदींच्या चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत, असा निकाल दिला.

न्यायालयापुरता हा प्रश्न मिटला, असे वाटेल. पण मेंदूच्या लहरींवरून मुलाची एकाग्रता मोजणारी उपकरणे, ‘ब्रेन मॅपिंग’ करून देणारी केंद्रे, ध्यानाने अमुक लहरी वाढतात अशा बातम्या आपल्याभोवती रोज असतात. त्यांच्यामागे संशोधन असते, निदान तसे सांगितले जाते. ते संशोधन किती भरवशाचे, हा प्रश्न गेली दहा-पंधरा वर्षे खुद्द मेंदूशास्त्रज्ञच विचारत आहेत. तो का विचारावा लागला आणि त्यावर काय उपाय चालले आहेत, हे सामान्य वाचकालाही माहीत असावे.

हजार कुजबुजींत एक आवाज

ज्याला रुग्ण ‘मेंदूची पट्टी’ म्हणतात तो ईईजी, म्हणजे मेंदूतील पेशींच्या विद्युत हालचालींची डोक्याच्या कातडीवरून घेतलेली नोंद. हृदयाचा कार्डिओग्राम आपल्या परिचयाचा आहे. त्यातला मोठा ठोका साधारण एक मिलिव्होल्टचा असतो. मेंदूच्या लहरी कवटीतून आणि कातडीतून बाहेर येईपर्यंत इतक्या क्षीण होतात, की त्या दहा ते शंभर मायक्रोव्होल्टच्या आसपास मोजल्या जातात. मायक्रोव्होल्ट म्हणजे मिलिव्होल्टचा हजारावा भाग.

इतक्या बारीक संकेतात काहीही मिसळते. डोळ्याचा पुढचा आणि मागचा भाग यांत विद्युतभाराचा फरक असतो, त्यामुळे पापणी लवली तरी आलेखावर मेंदूच्या लहरींपेक्षा मोठा उंचवटा उमटतो. दात आवळले, मान अवघडली की स्नायूंचा गोंगाट येतो. भिंतीतल्या तारांचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट असतोच. म्हणून ईईजीसाठी येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला आम्ही आदल्या दिवशी डोके धुऊन, तेल न लावता यायला सांगतो. तेलाचा थर आला की इलेक्ट्रोडचा कातडीशी संपर्क नीट होत नाही आणि आलेखात नको ते दिसू लागते. पट्टी काढणाऱ्या तंत्रज्ञाचा निम्मा वेळ केसांची भांगे पाडून जागा साफ करण्यात आणि संपर्क तपासण्यात जातो. हे काम कंटाळवाणे असले तरी पुढचे सगळे त्यावरच उभे राहते.

१९७० च्या दशकात कॅनडातील हॅमिल्टन येथे एका मेंदूरोगतज्ज्ञाने अतिदक्षता विभागात जेलीच्या गोळ्याला, होय, खाण्याच्या जेलीला, इलेक्ट्रोड लावून आलेख काढला. कागदावर लहरी उमटल्या! आजूबाजूच्या यंत्रांचा आणि माणसांच्या वावराचा तो परिणाम होता. रुग्णाचा मेंदू मृत आहे की नाही हे ठरवताना केवळ अशा आलेखावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे त्याला दाखवायचे होते. आलेखावर लहर दिसली म्हणजे ती मेंदूतूनच आली, असे नव्हे. हे आधी सिद्ध करावे लागते.

बर्गर यांची पाच वर्षे

हे सिद्ध करण्याचे ओझे या शास्त्राच्या पहिल्या माणसानेच उचलले होते. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख पहिल्यांदा १९२४ मध्ये घेतला. पण त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला १९२९ मध्ये. मधली पाच वर्षे ते स्वतःच्याच शोधावर संशय घेत होते. या लहरी हृदयाच्या ठोक्यामुळे तर येत नाहीत? श्वासामुळे, रक्तवाहिन्यांच्या स्पंदनामुळे, डोक्याच्या हालचालीमुळे? एकेक शक्यता त्यांनी तपासून बाजूला केली. आपल्या मुलाच्या डोक्यावरूनही त्यांनी वारंवार आलेख घेतले.

एवढे करूनही युरोपातल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. तो बसला १९३४ मध्ये. केंब्रिजचे एडगर एड्रियन, ज्यांना दोन वर्षांपूर्वीच नोबेल पारितोषिक मिळाले होते, आणि त्यांचे सहकारी ब्रायन मॅथ्यूज यांनी स्वतःच्या उपकरणांवर, स्वतःच्याच डोक्याला इलेक्ट्रोड लावून तो प्रयोग पुन्हा केला. डोळे मिटले की सेकंदाला साधारण दहा या गतीने येणाऱ्या लहरी दिसत, डोळे उघडले की नाहीशा होत. बर्गर बरोबर होते.

पण या फेरप्रयोगातून आणखी एक गोष्ट झाली. या लहरी संपूर्ण मेंदूतून निघतात, असे बर्गर यांना वाटत होते. त्या प्रामुख्याने डोक्याच्या मागच्या बाजूच्या, दृष्टीशी संबंधित भागातून येतात, हे केंब्रिजच्या जोडीने दाखवले. शिवाय एड्रियन यांच्या आलेखात या लहरी स्पष्ट होत्या, तर मॅथ्यूज यांच्या आलेखात त्या नीट दिसत नव्हत्या. म्हणजे माणसामाणसांत फरक असतो, हेही तिथेच कळले. पहिल्या प्रयोगावर शिक्का मारण्यापुरताच फेरप्रयोगाचा उपयोग नसतो. काय खरे, कुठपर्यंत खरे आणि कोणाच्या बाबतीत खरे, हेही त्यातूनच कळते. आज जगभर ‘अल्फा लहरी’ म्हणून शिकवले जाते ते ज्ञान अशा दोन स्वतंत्र हातांतून गेलेले आहे.

चूक कुठून शिरते?

मग आजच्या संशोधनात अडचण कुठे आली? उपकरणे तर बर्गर यांच्या काळापेक्षा कितीतरी पटींनी चांगली आहेत. अडचण येते ती तीन वाटांनी.

पहिली वाट, तपासलेल्या माणसांची तुटपुंजी संख्या. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांवर प्रयोग करून मेंदूविषयी मोठे निष्कर्ष काढण्याची पद्धत बरीच वर्षे रूढ होती. २०१३ मध्ये कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी मेंदूशास्त्रातील सातशेहून अधिक अभ्यासांचा हिशेब मांडला. त्यांच्या मते या अभ्यासांची ‘शक्ती’ मध्यमान धरले तर २१ टक्के निघत होती. सोप्या भाषेत सांगायचे तर, एखादा परिणाम खरोखर अस्तित्वात असला तरी तो अशा अभ्यासाला सापडण्याची शक्यता पाचात एक. बारीक भोकांच्या जाळ्याऐवजी मोठ्या भोकांचे जाळे टाकण्यासारखे हे झाले. त्यात सापडतो तो फक्त मोठा मासा, आणि मग तळ्यातले सगळे मासे तेवढेच मोठे आहेत असा समज होतो. लहान अभ्यासात जो परिणाम ‘सापडतो’ तो बहुधा असतो त्यापेक्षा मोठा दिसतो.

दुसरी वाट, आकड्यांचा महापूर. डोक्यावर ६४ इलेक्ट्रोड लावले आणि सेकंदाला ५०० वेळा मोजमाप घेतले, तर एका सेकंदात ३२ हजार आकडे जमा होतात. एवढ्या ढिगाऱ्यात शोधणाऱ्याला काही ना काही सापडतेच. संख्याशास्त्रात निव्वळ योगायोगाने फसण्याची मुभा सामान्यतः पाच टक्के ठेवतात. पण अशा वीस वेगवेगळ्या तुलना केल्या, तर त्यांतली निदान एक तरी योगायोगाने ‘यशस्वी’ ठरण्याची शक्यता शंभरात ६४ होते. हे दाखवण्यासाठी अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २००९ मध्ये एक मेलेला सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि त्यांच्या भावना ओळखायला सांगितले. योगायोगाचा हिशेब न करता आकडेमोड केली, तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली. हिशेब केला, तेव्हा ती नाहीशी झाली.

तिसरी वाट सर्वांत सूक्ष्म आहे, आणि तिथे कोणी लबाडी करण्याची गरजही नसते. आलेखातला गोंगाट काढायला कोणती चाळणी लावायची? पापणी लवलेले भाग टाकून द्यायचे की दुरुस्त करून घ्यायचे? कोणत्या इलेक्ट्रोडचे आकडे धरायचे? चित्र दाखवल्यानंतर २५० ते ३५० मिलिसेकंदांतला उंचवटा मोजायचा की ३०० ते ५०० मधला? प्रत्येक ठिकाणी दोन-तीन रास्त पर्याय असतात. निकाल समोर असताना पर्याय निवडला की मन नकळत आपल्याला हव्या त्या बाजूला झुकते.

हे पर्याय किती फरक पाडतात? २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०८ व्यक्तींच्या मेंदूच्या एमआरआय नोंदी ७० वेगवेगळ्या गटांना दिल्या गेल्या. नोंदी त्याच आणि नऊ प्रश्नही तेच. ७० पैकी कोणत्याही दोन गटांनी अगदी सारख्या पद्धतीने विश्लेषण केले नाही आणि नऊपैकी पाच प्रश्नांवर त्यांच्या उत्तरांत ठळक फूट पडली. ईईजीच्या बाबतीतही असाच प्रयोग शंभराहून अधिक गटांना घेऊन हाती घेण्यात आला आहे.

आधी सांगा, मग मोजा

उपाय वरवर पाहता साधे आहेत. पहिला उपाय : प्रयोग करण्याआधी सगळे लिहून द्या. किती माणसे घेणार, कोणते इलेक्ट्रोड आणि कोणता कालखंड मोजणार, कोणती नोंद कोणत्या कारणासाठी बाद करणार. ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकाने २०१३ मध्ये याला औपचारिक रूप दिले. तिथे तज्ज्ञ परीक्षण प्रयोगाच्या आराखड्याचे होते आणि आराखडा मान्य झाला की निकाल काहीही येवो, निबंध छापला जातो. ‘काहीच सापडले नाही’ हा निष्कर्षही मग कपाटात पडून राहत नाही.

दुसरा उपाय : पुष्कळ प्रयोगशाळांनी मिळून जुने प्रयोग पुन्हा करायचे. ‘ईईजी मेनी लॅब्ज’ हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प नेमका यासाठी आहे. त्याची घोषणा २०२१ मध्ये झाली. या क्षेत्रातले सर्वाधिक प्रभावी, सतत उल्लेखले जाणारे २७ अभ्यास त्यांनी निवडले आणि त्यांतल्या २० अभ्यासांचे मुख्य निष्कर्ष किमान तीन-तीन स्वतंत्र प्रयोगशाळांत तपासण्याचे ठरवले. आराखडा आधी तपासून घ्यायचा आणि सगळ्या नोंदी खुल्या ठेवायच्या, हे नियम आहेतच. शिवाय कोणता निष्कर्ष टिकेल आणि कोणता पडेल, यावर संशोधकांनी आधीच अंदाज लावायचा, असा एक प्रकारच्या पैजेचा बाजारही त्यांच्या योजनेत आहे. क्षेत्रातल्या जाणकारांना मनातून कशावर विश्वास आहे, हे त्यातून कळेल.

तिसरा उपाय अगदी कारकुनी वाटेल असा : नोंदी ठेवण्याची एकच पद्धत. एका प्रयोगशाळेची फाइल दुसरीला उघडताच आली नाही, किंवा त्यातला ‘सात नंबर’ म्हणजे कोणता इलेक्ट्रोड हे कळले नाही, तर पडताळणी कशी होणार? म्हणून फाइलींची नावे, क्रम आणि सोबतची माहिती कशी लिहायची, याचे एक समान माप २०१६ मध्ये एमआरआयसाठी तयार झाले आणि २०१९ मध्ये ते ईईजीलाही लागू झाले. पुढच्या वर्षी मेंदूचित्रण संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ईईजीच्या निबंधात कोणकोणता तपशील दिलाच पाहिजे, याची यादी प्रसिद्ध केली. दप्तर नीट ठेवल्याशिवाय हिशेब तपासता येत नाही, हे कोणत्याही सोसायटीच्या खजिनदाराला ठाऊक असते.

यात एक चौथी गोष्ट जोडायला हवी. मेंदूवरचे बहुसंख्य प्रयोग युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांत, तिथल्या विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. दाट, कुरळ्या केसांत इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत म्हणून अनेक माणसे प्रयोगातून वगळली जातात, हेही आता मोकळेपणाने मान्य होऊ लागले आहे. आपल्याकडे वेगळ्या भाषा, वेगळे शिक्षण आणि वेगळी वये असलेल्या माणसांवर हे निष्कर्ष टिकतात का, हे आपल्याच प्रयोगशाळांना तपासावे लागेल. फेरप्रयोगाला ‘नक्कल’ म्हणून कमी लेखण्याची सवय आपण सोडली, तर हे काम आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवाक्यातले आहे.

जे टिकले आणि जे नाही

याचा अर्थ मेंदूच्या नोंदींवरचे सगळे संशोधन पोकळ आहे, असा मुळीच नाही. वर सांगितलेल्या अल्फा लहरी नव्वद वर्षांत असंख्य ठिकाणी दिसल्या आहेत. झोपेचे टप्पे ईईजीवरून ओळखता येतात, ते कुठेही येतात. अर्थपूर्ण किंवा अनपेक्षित गोष्ट समोर आली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी उमटणारी ‘पी ३००’ ही लहर १९६५ मध्ये वर्णिली गेली आणि आजवर टिकून आहे.

पण इथेच फरक ओळखायला हवा. ‘पी ३००’ लहर खरी आहे, ती भरवशाने दिसते. ती सांगते एवढेच, की समोरची गोष्ट या माणसाला महत्त्वाची वाटली. ती गोष्ट त्याने स्वतः केली, की वर्तमानपत्रात वाचली, की पोलिसांच्या चौकशीत दहा वेळा ऐकली, हे ती सांगत नाही. टिकलेल्या निष्कर्षाच्या खांद्यावर न तपासलेला दावा बसवला जातो आणि ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच शास्त्रीय वाटतात. पुण्यातल्या चाचणीचा मूळ आक्षेप हाच होता. ‘माहीत असणे’ आणि ‘स्वतः केलेले आठवणे’ यांतला फरक लहरींवरून ओळखता येतो, हा दावा स्वतंत्रपणे कसोटीला उतरलेला नव्हता.

रुग्णालयातही हीच शिस्त लागते. अपस्माराचे निदान प्रामुख्याने रुग्णाला नेमके काय झाले, हे पाहणाऱ्याने दिलेल्या वर्णनावरून होते. ईईजी त्याला मदत करतो. अपस्मार असलेल्या अनेकांचा वीस-तीस मिनिटांचा एक आलेख अगदी सामान्य निघतो. उलट पूर्ण निरोगी माणसाला पेंग येताना उमटणाऱ्या काही टोकदार लहरी अननुभवी डोळ्याला फिटच्या लहरी वाटू शकतात. घाईने ‘फिट्सचा आजार’ असा शिक्का बसला, तर वर्षानुवर्षे गोळ्या, वाहन चालवण्यावर बंधने आणि लग्न जुळताना होणारी कुजबुज, हे सगळे मागे लागते. १९९९ च्या दुरुस्तीपर्यंत हिंदू विवाह कायद्यातही अपस्माराचा उल्लेख होता, इतका हा शिक्का खोल गेलेला होता. म्हणून शंका असेल तिथे आलेख पुन्हा काढणे, झोपेतला आलेख घेणे आणि दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवणे यात वेळ वाया जात नाही. बर्गर यांनी पाच वर्षे आणि एड्रियन यांनी केंब्रिजमध्ये जे केले, तेच हे आहे, एका रुग्णापुरते.

बातमी वाचताना

मेंदूच्या लहरींवरची पुढची बातमी किंवा जाहिरात वाचाल, तेव्हा चार प्रश्न विचारा. किती माणसांवर प्रयोग झाला? काय मोजणार, हे आधी ठरवले होते का? विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कोणी तो पुन्हा करून पाहिला का? आणि जे मोजले आणि जे सांगितले जाते आहे, त्यांत उडी किती मोठी आहे? शाळेत मुलांची बुद्धी किंवा एकाग्रता लहरींवरून ‘मोजून’ देणारी योजना आली, तर पालकांनी फी भरण्याआधी हे चार प्रश्न लेखी विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर पैसे आणि मूल दोन्ही घरीच ठेवावे.